चार कोपरे

जेवणाच्या हॉलच्या एका कडेला उभं राहून हरेशने कॅमेऱ्याच्या स्क्रीनवरची काळी चिकटपट्टी सोलली. फोटो गोल आला होता. मधे माणसं आणि चारी कोपऱ्यांत मिट्ट काळोख.

स्क्रीनवर पट्टी लावायची त्याची जुनी सवय. सानपाड्यातल्या लग्नांत फोटो काढला रे काढला की ‘दाखवा, दाखवा’ करत निम्मं वऱ्हाड अंगावर येतं. पट्टी लावली की कटकट संपली. या शहाणपणाची तो चारचौघांत फुशारकीही मारायचा. आज तेच अंगाशी आलं होतं.

सकाळी त्याच्या कॅमेऱ्याने ऐनवेळी मान टाकली, तेव्हा अश्विन नावाच्या मित्राने आपला मोठ्या सेन्सरचा, फुल फ्रेम कॅमेरा दिला. हरेशची जुनी लेन्स त्यावर खटकन बसली. बसली म्हणजे झालं! जाड चष्म्यामुळे डोळा लावायच्या खिडकीचे, व्ह्यूफाइंडरचे कोपरे त्याला कधी नीट दिसतच नसत.

त्याने अश्विनला फोन लावला.

“अरे, तुझी लेन्स छोट्या सेन्सरची हाय ना!” अश्विन ओरडला. “मोठ्या पातेल्यावर छोटं झाकण ठेवलंस तू. झूम करून काढलेले वाचतील. झूम न करता काढलेल्या वाइडवाल्यांचे कोपरे गेले. कोपऱ्यात कोन हाय?”

कोपऱ्यात धनाजीराव होते. नवरीचे वडील.

त्यांना इस्पितळातून तासाभरासाठी आणलं होतं. पुन्हा घरी यायचे नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणी बोलत नव्हतं. त्रिशरण-पंचशील झालं, वधूवरांनी हार घातले आणि घरच्या सगळ्यांचा मिळून एकच फोटो काढला. हरेश त्यांची चाकाची खुर्ची मधे घेत होता, तर म्हातारा ऐकेना. “कडंला ऱ्हाऊ दे. हातातली सुई दिसंल. पोरीच्या फोटोत दवाखाना कशाला?”

आता त्या कडेला काळोख होता. नवरी होती, नवरा होता, नावड्याहून आलेले नातेवाईक होते. धनाजीराव नव्हते. माणूस अजून श्वास घेत होता आणि फोटोतून आधीच गेला होता.

कार्ड खराब झालं म्हणून सांगता आलं असतं. कोणाला कळलंही नसतं. पण धनाजीरावांना परत न्यायची ॲम्ब्युलन्स अजून खाली उभी असेल, असं मनात आलं आणि तो जिन्याकडे पळाला.

पार्किंगमध्ये ॲम्ब्युलन्सचं दार उघडं होतं. पांढऱ्या साडीतली नवरी, तेजश्री, आत वडिलांजवळ बसली होती. तिची आई औषधांची पिशवी आणायला वर गेली होती.

“काका, फोटो परत काढायचाय,” हरेश धापा टाकत म्हणाला.

“का?” तेजश्रीने विचारलं.

“मघाच्या फोटोत... काका आलेच नाहीत. लेन्स चुकली. माझीच चूक हाय.”

“आले नाहीत म्हणजे?” तिचे डोळे भरून आले. तिने वडिलांचा हात घट्ट धरला.

धनाजीरावांनी तोंडावरचा मास्क बाजूला केला. “हाय की मी अजून. रडू नगं.” मग हरेशकडे पाहून म्हणाले, “काय रं, लय भ्यालास?”

“लय, काका.”

“मी बी.”

आजारपणाच्या इतक्या महिन्यांत ते असं पहिल्यांदाच बोलले होते.

“वरच्यांना बोलावतो,” हरेश म्हणाला.

“आता नगं. दम लागतोय. आमा दोघांचाच काढ.”

हरेशने झूम टोकापर्यंत नेला आणि मागच्या खांबाला पाठ लागेपर्यंत सरकला. त्या चौकटीत दोघांपुरतीच जागा होती. तेजश्रीने सुई टोचलेल्या हातावर पदर ओढला. हरेशने श्वास रोखला आणि बटण दाबलं.

मग त्याने कधी न केलेली गोष्ट केली. कोणी न मागता स्क्रीन त्यांच्यापुढे धरली. धनाजीरावांनी एकेका कोपऱ्याला बोट लावलं.

“समदीकडं उजेड हाय,” ते म्हणाले.

आई पिशवी घेऊन आली, पुढे बसली. तेजश्री उतरायला वळली आणि थांबली. तिचा पदर कशात तरी अडकला होता. हरेश सोडवायला पुढे झाला.

पदर धनाजीरावांच्या मुठीत होता.