सोमेश्वरची तिकिटं

"तिकीट द्या आधी," वर्षाराणी दारातच म्हणाली.

सोमेश्वरनं बुटाची नाडी सोडता सोडता खिशात हात घातला. पुण्याला जाताना-येतानाची एसटीची दोन्ही तिकिटं नीट घडी घालून ठेवलेली होती. "घे तुझ्या टॅक्सला," तो म्हणाला, "अन् चहा कर की जरा."

वर्षाराणी केजच्या सरकारी दवाखान्यात नर्स होती. सोमेश्वर साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत होता. कारखाना बंद पडला आणि तेव्हापासून तो मुलाखती देत गावोगाव हिंडत होता. एसटीचं भाडं तिच्या पगारातून जायचं, पण ते तिला खुपत नव्हतं. खुपत होतं ते वेगळंच. तिच्या थोरल्या बहिणीचा नवरा असाच वर्षभर मुलाखतीला म्हणून निघायचा आणि बीडला एका लॉजवर पत्ते कुटत बसायचा. तोंड पोळलं होतं बहिणीचं, ताक मात्र वर्षाराणी फुंकून पीत होती.

सरळ विचारायला जीभ रेटेना. मग तिनं थाप मारली, की नोकरी शोधायच्या खर्चावर माझ्या टॅक्सला सूट मिळते, तेव्हा तिकिटं जपून आणत जा. तिकीट हातात पडलं की ती गाव बघायची, तारीख बघायची, आणि त्या रात्री तिला गाढ झोप लागायची. बाई काही वाईट नव्हती, पण संशयाला औषध नाही म्हणतात ते खरंच.

पुढच्याच आठवड्यात ती रिटर्न भरायला टॅक्सवाल्या बद्रीनाथकडे गेली.

"सिस्टर, तुमचे मिस्टर आलते की मागं," तो म्हणाला. "नोकरी हुडकायच्या खर्चाला सूट हाय का, इचारत होते. म्या म्हनलं, तसलं कायबी न्हाई आपल्याकडं."

"कधी आलते?"

"लई दिवस झाले. थंडीत."

थंडीपासून सोमेश्वर कितीतरी गावं फिरून आला होता, आणि दर खेपेला तिनं हात पुढं केला की मुकाट्यानं तिकीट काढून देत होता. वर्षाराणीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संध्याकाळी त्याला जेवायला वाढताना तिच्यानं राहवेना. "तुमाला ठावं होतं, मग कशाला देत होता तिकिटं?"

सोमेश्वर चिडला नाही. "तुला झोप लागायची ना. म्हनलं, एवढ्यावर भागतंय तर भागू दे."

तिचे डोळे भरून आले. "चुकलं माझं. आता नका आणू."

"आणतो की, त्यात काय." त्यानं भाकरीचा तुकडा मोडला आणि हातातच धरला. "फक्त एक सांग, वर्षा. एखाद्या बारीला गर्दीत तिकीट पडलं असतं, तर काय समजली असती तू?"

'काहीच नाही' असं खोटं तिला बोलता आलं असतं, पण तिनं नुसती भाकरीची टोपली पुढं सरकवली. सोमेश्वर ताट पुढं ओढून खाली मान घालून जेवू लागला.