आशीर्वादाचे सर्वनाम

उपासनेचा शेवट आशीर्वादाने होतो, आणि नागपुरातल्या त्या जुन्या ख्रिस्ती मंडळीत या आशीर्वादाचा दंडक आनंदराव मास्तरांइतक्या काटेकोरपणे कोणी पाळला नव्हता. दीक्षा झालेला पाळक असेल, तर त्याने दोन्ही हात उंचावून देवाची कृपा ‘तुम्हा सर्वांबरोबर असो’ असे म्हणावे. पाळक परगावी असताना दुसऱ्या कोणी उपासना चालवली, तर त्याने हात जोडून ‘आम्हा सर्वांबरोबर असो’ एवढेच म्हणावे. देणे निराळे आणि मागणे निराळे. मराठीचे शिक्षक म्हणून निवृत्त झालेल्या आनंदरावांना यातले ईश्वरशास्त्र जितके प्रिय होते, तितकेच व्याकरणही.

म्हणूनच जयवंताबाईंना पाळकपदाची दीक्षा द्यावी की नाही, हा प्रश्न मंडळीच्या सभेपुढे आला, तेव्हा त्यांनी उभे राहून विरोध केला. बाईंविषयी त्यांच्या मनात आकस नव्हता. सावनेर-खाप्याकडच्या खेड्यांतून बाईंनी वर्षानुवर्षे पायपीट करून केलेले काम त्यांनी पाहिले होते. पण उपासना ही आपण घडवलेली वस्तू नव्हे, आपल्या हाती सोपवलेली ठेव आहे. आज ती चालवणारे हात बदलले तर उद्या तिचे शब्दही बदलतील, असा त्यांचा युक्तिवाद होता. सभेने तो शांतपणे ऐकला आणि बाईंच्या बाजूने कौल दिला.

दीक्षेनंतरच्या पहिल्या रविवारी, शहाऐंशी सालच्या थंडीत, मास्तर बहुधा घरीच राहिले असते. परंतु त्यांच्या पत्नीने, गोपिकाबाईंनी, हट्ट धरला. पोटातल्या गाठीच्या ऑपरेशनसाठी त्यांना दुसऱ्या दिवशी इस्पितळात जायचे होते, आणि डॉक्टर बोलताना नजर चुकवत होते. जयवंता ही त्यांची मिशनच्या बोर्डिंगातली मैत्रीण.

“तिच्या तोंडचा आशीर्वाद घेऊन जाईन म्हणते,” गोपिकाबाई म्हणाल्या. “तुमाले नको असंन त नका घेऊ. मले नेऊन द्या.”

मास्तरांनी त्यांना रिक्षातून नेले, बायकांच्या बाजूच्या बाकावर शाल लपेटून बसवले, आणि स्वतः मधली वाट ओलांडून पुरुषांच्या बाजूला आपल्या नेहमीच्या जागी जाऊन बसले.

उपासना सुरू झाली. तरुणांनी ढोलकीचा आग्रह धरला होता, तरी बाईंनी जुनी पायपेटीच ठेवली होती. पापांची कबुली, शास्त्रपाठ, उपदेश, सारे ठरल्या क्रमाने झाले. मास्तरांना चूक सापडेना. आणि ती सापडू नये असे आपल्याला मनातून वाटू लागले आहे हे ध्यानात येताच त्यांना स्वतःचाच राग आला.

शेवटी बाई वेदीपुढे आल्या. गोपिकाबाईंनी पदर डोक्यावर घेतला. बाईंचे हात छातीपर्यंत उचलले गेले, तिथेच थबकले, आणि एकमेकांना जुळले.

“...आम्हा सर्वांबरोबर असो.”

मंडळी ‘आमेन’ म्हणून उठली. बहुतेकांच्या ते लक्षातही आले नसेल. गोपिकाबाईंची मान मात्र वाकलेलीच राहिली. काहीतरी अजून यायचे आहे अशा समजुतीने त्या थांबून होत्या.

दाराशी चंपतरावांनी मास्तरांना गाठले. मतदानात दोघे एका बाजूचे. “घ्या मास्तर,” ते हसत म्हणाले, “बाईनं आपली पायरी आपणच ओळखली. आपण उगाच घसा कोरडा केला.”

मास्तर हसले नाहीत. त्यांनी वळून बायकोकडे पाहिले आणि ते सरळ वेस्ट्रीत, पाळकाच्या तयारीच्या खोलीत, गेले. जयवंताबाई झगा उतरवून घडी घालत होत्या.

“चूक काढाले आले असान,” त्या वर न पाहता म्हणाल्या.

“उपासना पुरी झाली नाही.”

“मले समजलं. पण जीभच वळली नाही.” त्यांनी घडी मोडली, पुन्हा घातली. “तुमीच शिकवलं होतं ना, मास्तर? खाप्याच्या उपासनेत मी एकदा ‘तुम्हा’ म्हणाली, त तुमी मले बाजूले घेऊन सांगतलं, बाई, हा शब्द तुमचा नाही. तवापासून जपून राहिली.”

“तेव्हा तो तुमचा नव्हता. आज आहे.”

“तुमी त माह्या विरोधात बोलले.”

“बोललो, आणि हरलो. तो विषय संपला. दीक्षा झालेल्या पाळकाने ‘आम्हा’ म्हणणे ही नम्रता नव्हे, चूक आहे. आणि ती चूक घेऊन गोपिका उद्या ऑपरेशनच्या टेबलावर...” पुढचे क्रियापद त्यांना सापडले नाही.

बाईंनी झगा पुन्हा अंगावर चढवला.

देऊळ आता रिकामे होते. गोपिकाबाई तेवढ्या बाकावर होत्या. मास्तर अदबीने भिंतीशी उभे राहिले. बाईंनी हात उंचावले, आणि पुन्हा खाली घेतले.

“मास्तर, अडचण हाये. हे एकटीच बसून राहिली. एकटीले ‘सर्वां’ कसं म्हणू? तुमीच खोडून काढसान.”

गोपिकाबाईंना हसू फुटले. हसताना दुखले म्हणून त्यांनी पोट धरले. “त्याइले राहू दे उभं. तू ‘तुह्याबरोबर’ म्हण वं.”

“तसे म्हणता येणार नाही,” मास्तर म्हणाले. “पाठ बदलायचा नाही.”

ते बोलून गेले, आणि मग ‘सर्वां’ला दुसरे माणूस लागते आणि इथे ते आपणच आहोत, हे त्यांना कळले. गोपिकाबाईंनी शाल आवरली आणि बाकावर थोडे सरकून जागा केली. मास्तर आले. बायकांच्या बाजूला ते आजवर कधी बसले नव्हते. त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि मान खाली घातली.

“म्हणा, पाळकबाई.”

बाईंनी दोन्ही हात पुन्हा उंचावले. ‘तुम्हा’ हा शब्द आला तेव्हा गोपिकाबाईंनी मास्तरांचा हात घट्ट धरला, आणि नंतरही सोडला नाही. त्यामुळे ‘आमेन’ म्हणताना मास्तरांना हात जोडता आले नाहीत.