पेटीत न पडलेला तिसरा लिफाफा

मित्रांनो, मी एक जुना लिफाफा आहे. माझ्यावर तिकीट आहे, पत्ता आहे, पोटात सही केलेले पत्रही आहे. नाही तो फक्त टपालाचा शिक्का, कारण मी पेटीपर्यंत कधी पोचलोच नाही.

विस्कॉन्सिनमधल्या एका लहान गावात, औषधांच्या दुकानातून आर्लिसबाईंनी आम्हा लिफाफ्यांचा गठ्ठा घेतला. बाई शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायच्या. बावीस वर्षे त्या टोलेफ्सन नावाच्या म्हाताऱ्याच्या घरात भाड्याने राहत होत्या. म्हातारा आता घर विकून मुलीकडे जाणार होता. "मे महिन्यापर्यंत थांबतो, आर्लिस. कर्ज मिळालं तर घर तुझंच," असे त्याने कबूल केले होते. तेव्हापासून बाईंचे पाय जमिनीवर नव्हते.

त्याच सुमारास एका मोठ्या कंपनीतून कोट्यवधी लोकांची माहिती चोरीला गेल्याची बातमी आली. कोणी किती कर्ज घेतले, वेळेवर फेडले का, याची नोंद तीन कंपन्या ठेवतात आणि कर्ज देणारा त्यांतल्या एखादीला विचारतो. ती नोंद गोठवली की चोराला आपल्या नावावर कर्ज काढता येत नाही. पण तेव्हा गोठवायला प्रत्येक कंपनी दहा डॉलर घ्यायची आणि पुन्हा उघडायला आणखी दहा. स्वतःच्याच नावाला कुलूप लावायचे आणि त्याचे भाडे दुसऱ्याला द्यायचे! मी साधा कागद, पण मलासुद्धा ते पटले नाही.

तरी बाईंनी तिन्ही कंपन्यांना नोंद गोठवायची पत्रे लिहिली, तीन चेक लिहिले आणि आम्हा तिघांना पर्समध्ये घातले. शुक्रवार होता. शुक्रवारी संध्याकाळी तळलेला मासा खायला जायचे, हा आमच्या गावचा नेम. तिथे त्यांचा धाकटा भाऊ लाइल आधीच येऊन बसला होता. त्याने आम्हाला पाहिले.

"छान केलंस. जाताना तिन्ही टाक."

"दोनच टाकते," बाई म्हणाल्या. "वसंतात बँक माझी नोंद बघायला मागणारच ना? मग आज बंद करायला दहा द्या, तेव्हा उघडायला परत दहा द्या! एक राहू दे उघडी, बँकेसाठी."

"आणि चोरासाठी?"

"चोर काय तिन्ही दारं हलवून बघणार आहे?"

"अगं, त्याला दुसरं काम काय असतं?"

"तू नको शिकवूस. मागच्या शुक्रवारी बिअरचं बिल कुणी माझ्या गळ्यात मारलं?"

लाइल हसला आणि त्याने कोबीची कोशिंबीर पुढे ओढली. बाईंनी माझ्यातला चेक काढून फाडला. खरे सांगतो मित्रांनो, मला तेव्हा बरेच वाटले. बाहेर थंडी मरणाची होती आणि मी पर्समध्ये उबेत होतो. त्या सुखाची मला आजही लाज वाटते.

नंतर मी खणात पडून राहिलो, रबरबँड आणि दुकानाच्या सवलतीच्या चिठ्ठ्यांमध्ये. एप्रिलमध्ये बँकेने बाईंना नकार कळवला. टेक्सासमध्ये कोणीतरी त्यांच्या नावावर गाडी घेतली होती आणि वर दोन कर्जे काढली होती. त्या चोराला कर्ज देणाऱ्यांनी तिसऱ्याच कंपनीला विचारले होते. ज्या कंपनीचा पत्ता माझ्या अंगावर आहे, तीच ती.

लाइल धावत आला. 'मी म्हणालो होतो' असे तो एकदाही म्हणाला नाही, म्हणूनच बाईंना जास्त रडू आले. मग पोलिसांत तक्रार, अर्ज, शपथपत्रे आणि फोनवर तासन्‌तास ताटकळणे. सगळे निस्तरायला ऑगस्ट उजाडला. टोलेफ्सन जूनच्या मध्यापर्यंत थांबला, मग दारात येऊन टोपी हातात घेऊन म्हणाला, "मुलगी ऐकेना गं. दुसरं गिऱ्हाईक आलंय." त्याचाही इलाज नव्हता.

सप्टेंबरमध्ये देशभर नवा कायदा लागू झाला. बाईंनी मला समोर ठेवून तिसऱ्या कंपनीला फोन लावला.

"किती पैसे पडतील?"

"काही नाही, मॅडम. कायद्यानं आता फुकट आहे."

"आणि उघडायला?"

"तेही फुकट."

बाईंनी मला हातात घेतले. मग हळूच म्हणाल्या, "हेच मागच्या वर्षी केलं असतं तर काय बिघडलं असतं हो?" पलीकडच्या बिचाऱ्या मुलीने माफी मागितली. पाच मिनिटांत काम झाले.

मित्रांनो, आपले नाव जपा. तीन दारे असतील तर तिन्ही लावा आणि त्यासाठी कोणी पैसे मागितले तर भांडा, पण दार उघडे ठेवू नका. आणि उद्या मोठे होऊन कायदे करायला बसलात, तर लवकर करा. आमच्या बाईंपर्यंत तो कायदा पोचला, तेव्हा त्या दुसऱ्या गल्लीत, एका खोलीत भाड्याने राहायला गेल्या होत्या.