छबूबाईकडं थांबू नका

झरीच्या बजरंगची क्रूझर ठरवली की वाटेतल्या जेवणाची काळजी मिटली, असं परभणीत मानलं जाई. दुसऱ्याची गाडी घेऊन जाणारी माणसंसुद्धा त्याला फोन करून विचारत, "जालन्याच्या अलीकडं कुठं थांबावं?" बजरंगची पारख साधी होती. पाटी, दिवे, बाहेर उभ्या असलेल्या गाड्या यांच्याकडं तो बघतच नसे. हात धुवायचं निमित्त करून मागं जाई आणि पिंपातलं पाणी बघे. भाकरी आधीच भाजून रचून ठेवल्यात का ते बघे. मग भांडी घासणाऱ्याला विचारे, "मालक कुठं जेवतो?" मालकाचा डबा घरून येत असला तर गाडी पुढं निघे.

त्यामुळं बजरंग "नको" म्हणाला त्या ठिकाणी कोणी थांबत नसे. छबूबाईला हेच नडलं.

देवगाव फाट्यावर छबूबाईची पत्र्याची खानावळ होती. भाकरी, धपाटे, घरचं दही, भाजक्या धान्य-मसाल्याच्या पिठाची म्हणजे येसराची आमटी, इतकंच मिळे. पण माणसं बसल्याशिवाय ती पिठात पाणी घालत नसे, आणि त्यात तासभर सहज जाई. मागच्या वैशाखात बजरंग दिनकररावांच्या कुटुंबाला लग्नाहून परत आणत होता. दिनकरराव निवृत्त मुख्याध्यापक. लग्नसराईच्या सलग फेऱ्यांमुळं बजरंगला दोन रात्री झोप नव्हती. फाट्यापासून थोडं पुढं एक मोठा ढाबा होता. तिथं ड्रायव्हर लोकांसाठी वेगळी खोली होती, खोलीत कूलर आणि दोन बाजा. ताट तर ड्रायव्हरला दोन्हीकडं फुकटच असतं, रस्त्याचा तसा रिवाजच आहे. प्रश्न जेवणाचा नव्हताच.

"बजरंग, इथली बाई धपाटे फार चांगले करते म्हणतात," दिनकरराव म्हणाले आणि खाली उतरायला लागले.

"नका साहेब," बजरंग म्हणाला. "परवा इथं दोघांना उलट्या झाल्या."

दिनकररावांनी उघडलेलं दार परत लावून घेतलं. पुढच्या ढाब्यावर बजरंग सव्वा तास कूलरसमोर झोपला आणि ताजातवाना होऊन उठला. गाडीत बसताना आपण काही बोललो होतो हेही त्याच्या ध्यानात नव्हतं.

आषाढात जिंतूरच्या स्टँडवर भुजंग नावाच्या ड्रायव्हरनं त्याला बातमी सांगितली.

"छबूबाईकडं पार्टी नेऊ नको बरं. चार माणसं सलाईनवर होती म्हणं."

"कोण म्हणलं?"

"सगळेच म्हणायलेत. तुलाच म्हाईत न्हाई? तू तर जेवणाचा मास्तर!"

बजरंगच्या हातातला चहा थंड झाला. त्याच आठवड्यात तो दिनकररावांच्या घरी गेला. दारातच उभं राहून म्हणाला, "साहेब, त्या छबूबाईचं मी बोललो होतो ते खरं नव्हतं. कोणाला काही झालेलं नाही."

दिनकरराव मोठ्यानं हसले. "धपाटे बांधून दिले वाटतं बाईनं! अरे, तुम्हा ड्रायव्हर लोकांचं आम्हाला कळत नाही का? जिथं ताट फुकट, तिथलं गुणगान. त्या दिवशी मात्र खरं बोललास, चांगलं केलंस. मी लगेच आमच्या निवृत्तांच्या ग्रुपवर टाकलं होतं."

बजरंगनं पुन्हा कोणाला काही सांगितलं नाही. सांगून उपयोग नाही, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली, आणि ती समजूत सोयीचीही होती. देवगाव फाटा आला की तो खानावळीच्या उलट बाजूला बघत गाडी काढी. तरी डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसायचं ते दिसेच. बाकं रिकामी, आणि दारात छबूबाई उभी. गाडी ओळखून ती हात वर करी. तो हॉर्न वाजवून पुढं जाई.

माघात पूर्णेच्या एका घरची सहा माणसं संभाजीनगरचा साखरपुडा आटोपून त्याच्या गाडीतून परत निघाली. त्यात प्रियांका आणि तिची सासू नर्मदाबाई. नर्मदाबाईंची जीभ साऱ्या गल्लीला माहीत होती. जालना सोडल्यापासून त्यांचं एकच चाललं होतं, "बजरंग, पोटात कावळे ओरडायलेत, कुठंतरी थांब की." बजरंग मात्र "थोडं पुढं, थोडं पुढं" करत होता. सहा ताटांची पंगत छबूबाईकडं नेऊन बसवायची असं त्यानं सकाळीच ठरवलं होतं. एकदा नेलं की पुन्हा नेता येईल. एकही शब्द न बोलता हळूहळू फिटून जाईल, असा त्याचा हिशेब होता.

"मावशी, सहा ताटं लावा."

"सहा कशाची? तुमचं धरून सात!" छबूबाईचा चेहरा उजळला. "किती दिवसांनी आलात दादा. हॉर्न वाजवून जाता नुसतं."

बजरंग सवयीनं मागं गेला. पिंप जागेवर नव्हतं. विकतच्या पाण्याचे जार रांगेनं मांडलेले होते. दह्याचं मडकं नव्हतं, त्याच्या जागी सीलबंद कप होते. मसाल्याची फाडलेली पाकिटं चुलीशेजारी पडली होती. छबूबाई एकटीच भाकरी थापायची, उठून वाढायची, परत येईपर्यंत तव्यावरची करपायची.

पंगत बसली. नर्मदाबाईंनी आमटीत बुडवून एक घास घेतला आणि बजरंगकडं बघितलं.

"याच्यासाठी जालन्यापासून उपाशी आणलंस का रे आमाला? आमच्या गल्लीतला मेसवाला बरा की याच्यापेक्षा."

"आई, हळू बोला," प्रियांका कुजबुजली.

"हळू काय बोलू? भाकरी एका अंगानं कच्ची अन् एका अंगानं कोळसा. तोंड हाय का भट्टी?"

बजरंगनं घास तोंडात घातला. नर्मदाबाई खोटं बोलत नव्हत्या. दुसऱ्या कोणी त्याला विचारलं असतं तर त्यानं प्रामाणिकपणे सांगितलं असतं, इथं थांबू नका.

तो हात धुवायला उठला तशी छबूबाई त्याच्या मागं आली. पदरानं कपाळ पुसत तिनं खालच्या आवाजात विचारलं.

"दादा, तुमी पन्नास ठिकाणचं खाता. खरं सांगा, माझं काय चुकायलंय?"

"काही न्हाई मावशी. चाललंय की."

"कुठलं चाललंय? वैशाखात माझ्या इथं खाऊन चार जणांना बाधलं म्हणं. कोण होते, कोणत्या गावचे, कोणी सांगंना. कळलं असतं तर जाऊन पाय धरले असते. तवापासून दही बंद केलं, ताक बंद केलं, विहिरीचं पाणी बंद केलं. तरी गाडी थांबंना. यंदा माझा लेक वाल्मीक पहिल्यांदा ऊसतोडीला गेला. एकलाच गेला, अर्धा कोयता म्हणून. नवरा-बायको जोडीनं असले तरच पुरा कोयता धरतेत."

"एकला? अन् सूनबाई, राजेश्री?"

छबूबाईनं पंगतीकडं एकदा बघून घेतलं.

"तिला मी बोलले. माझ्या हातानं तर असं व्हायचं न्हाई, म्हणलं तुझ्याच हाताला घाण हाय. लेकराचं धुतीस अन् तोच हात पिठात घालतीस. लोक जेवायलते, त्यांच्यासमोर म्हणलं. तिनं परातीतून हात काढला, सृष्टीला काखेला मारलं अन् चुडाव्याला माहेरी गेली. येसर तीच करायची. मला कुठं तसं जमतं?"

पाण्याची धार बजरंगच्या हातावरून नुसतीच वाहत होती. त्यानं नळ बंद केला.

"मावशी, कोणाला काही झालं न्हवतं."

"तुमाला काय म्हाईत?"

"मीच म्हणलो तसं. दोघांना उलट्या झाल्या म्हणून. दोघांचे चार पुढं लोकांनी केले."

छबूबाईला आधी ते उमगलंच नाही. मग तिनं विचारलं, "कशापाय?"

लग्नसराई, दोन रात्रींचं जागरण, अवघड पार्टी, असं बरंच काही त्याच्या जिभेवर आलं होतं. त्यातलं काहीच उभं राहीना.

"झोप आलती," तो म्हणाला.

"लय आलती का?"

तिनं हे टोमणा म्हणून विचारलं नव्हतं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. पंगतीत सगळं ऐकू गेलं होतं. नर्मदाबाईंनी ताट बाजूला सारलं.

छबूबाईनं चुलीतलं लाकूड ओढून पाणी मारलं, भांड्यांवर झाकणं ठेवली. "ही गाडी पूर्णेला जायलीय न्हवं?" तिनं प्रियांकाला विचारलं. "मंग चुडावा पुढंच हाय. मला घेताल का, बाई?"

"बसा की, मावशी," प्रियांका म्हणाली.

"पुढं बसा, याच्या शेजारी," नर्मदाबाई म्हणाल्या. "अन् पुन्हा झोप यायली असं दिसलं तर चिमटा काढा."

कोणी हसलं नाही. पूर्णेपर्यंत बजरंग मनातल्या मनात वाक्यं जुळवत होता. प्रत्येक वेळी त्याचा दोष थोडा कमी आणि लोकांचा थोडा जास्त होई. मग तो पुन्हा पहिल्यापासून सुरू करी. शेजारी छबूबाई समोरच्या रस्त्याकडं बघत बसली होती. पूर्णेत सहाही माणसं उतरली तेव्हा ती एवढंच म्हणाली, "तिथं तुमीच सांगायचं. मी न्हाई सांगणार."

चुडाव्याला पोचले तेव्हा उन्हं कलली होती. राजेश्री अंगणात तूर पाखडत होती. सासूला बघून ती उठली, पदर सावरला, पण पुढं आली नाही. लहानगी सृष्टी "आजी" म्हणून पळत आली आणि छबूबाईच्या लुगड्याला बिलगली. बजरंगनं उभ्याउभ्याच सांगितलं. कुठं, केव्हा, कोणाला आणि कशासाठी, काही वगळलं नाही. सांगून झालं तेव्हा इतक्या मोठ्या गोष्टीला चारच वाक्यं लागली याची त्याला लाज वाटली.

"तुझं काही चुकलं न्हवतं, ताई," तो शेवटी म्हणाला.

"ते मला म्हाईत होतं," राजेश्री म्हणाली. मग सासूकडं वळली. "आत्याबाई, यानं सांगितलं म्हणून तुमी आलात. यानं सांगितलंच नसतं तर?"

छबूबाई नातीकडं बघू लागली. सृष्टी तिचा पदर ओढत होती.

"आज न्हाई यायची मी," राजेश्री म्हणाली. सूप उचलून ती आत गेली.

छबूबाई ओट्याच्या कडेवर टेकली. आतून भांड्यांचा आवाज येत होता, बाहेर कोणी येत नव्हतं.

"निघायचं का मावशी?" बजरंगनं विचारलं.

"तुमी जा, दादा. तुमचं सांगून झालं. माझं व्हायचंय अजून." तिनं नातीला मांडीवर ओढून घेतलं. "ती बाहेर येईल तवर मी बसते."

बजरंग गाडीत जाऊन बसला. चावी लावली. झरीचा रस्ता मोकळा होता आणि त्याला कोणी अडवलेलं नव्हतं. समोरच्या काचेतून ओटा दिसत होता, ओट्यावर टेकलेली छबूबाई दिसत होती. त्यानं चावी फिरवली नाही. थोड्या वेळानं तो खाली उतरला आणि ओट्यापासून जरा लांब, अंगणाच्या कडेला, मातीत मांडी घालून बसला.