बारवेतली सुनावणी

राजनंदिनीला शिबिराला यायचंच नव्हतं. बीडच्या लॉ कॉलेजात ती दुसऱ्या वर्षाला होती आणि अभिरूप न्यायालयाच्या स्पर्धेत तिच्यापुढं उभं राहायचं म्हटलं की भल्याभल्यांची भंबेरी उडायची. गेवराईच्या राजकारणात मुरलेलं घर. वडिलांच्या सभा ऐकत ती लहानाची मोठी झालेली, त्यामुळं बोलायची भीती म्हणून ठाऊक नाही. पुढच्या महिन्यात पुण्याला मोठी स्पर्धा होती, तिची तयारी करायची सोडून वैशाखाच्या उन्हात टिकाव-फावडं हाणायला कोण जाईल? पण सेवा योजनेचे शिवशंकर सर भलतेच चिवट निघाले. म्हणाले, "कायदा ज्यांच्यासाठी असतो ती माणसं एकदा बघून ये. मग पुण्याला जा."

मग गेली बिचारी. नांदूरघाटच्या पलीकडं, डोंगराच्या पोटाशी वडखडी नावाचं गाव. मुक्काम शाळेच्या खोल्यांत, सकाळी मुरमुऱ्यांची सुशीला, दुपारी पिठलं-भाकरी आणि ठेचा. रात्री अंगणात सतरंज्या टाकून भेंड्या चालायच्या, त्याही गाण्यांच्या नाही, कलमांच्या. एकानं गुन्हा सांगायचा, दुसऱ्यानं नव्या संहितेतलं कलम. त्यात अभिमन्यू सगळ्यांना पुरून उरायचा. केज तालुक्यातल्या ऊसतोड कामगाराचा मुलगा, काळासावळा, हसरा, तोंडाला क्षणाची उसंत नाही. एकदा पिठल्यात मीठ कमी पडलं तर त्यानं स्वयंपाक करणाऱ्या गटावर फसवणुकीचा खटलाच भरला. म्हणाला, "चारशे वीसचं तीनशे अठरा झालं, पण लोकाला तीनशे अठरा म्हणून शिवी द्यायला मजाच येत न्हाई राव." राजनंदिनी पहिल्या दिवशी फुगून बसली होती. दुसऱ्या दिवशी आरोपीच्या वतीनं तीच उभी राहिली आणि मीठ निर्दोष सोडवून आली.

काम होतं बारवेचं. गावाबाहेर एका शेताच्या कोपऱ्यात वेड्या बाभळींचं रान माजलेलं, त्याच्या पोटात जुनी बारव आहे असं म्हातारी माणसं सांगायची. वरून बघितलं तर काटे, माती आणि गावानं टाकलेला केरकचरा, एवढंच दिसे. पोरांनी काटे तोडले, कचरा ओढला, हाताला फोड आणले. पहिल्यांदा एक पायरी लागली. मग दुसरी. मग तिन्ही बाजूंनी पायऱ्याच पायऱ्या, काळ्या दगडाच्या, एकीला एक अशा बसवलेल्या की सांध्यात नख शिरू नये.

आणि मग पश्चिमेच्या अंगाची माती ढासळली आणि कमान उघडी पडली.

दोन पुरुष उंचीची कमान. दोन्ही बाजूंना देवळ्या, एका देवळीत झिजून गुळगुळीत झालेला गणपती. आतून गार हवेचा झोत आला, उन्हानं तापलेल्या तोंडांवर ओला मातकट वास घेऊन. इतका वेळ आरडाओरडा करणारी पोरं एकाएकी गप झाली. आपण चार दिवस जिच्या डोक्यावर नाचत होतो ती एवढी थोरली वस्तू आपल्या पायाखाली मुकाट उभी होती, हे कुणालाच पटेना. अभिमन्यूनं पायातल्या चपला काढल्या आणि वरच्या पायरीवर नेऊन ठेवल्या. त्याचं बघून सगळ्यांनी काढल्या. राजनंदिनीनं दगडावर हात ठेवला. बाहेर आग ओकणारं ऊन, आणि दगड माठासारखा गार.

त्याच दुपारी राधाकिशन आबा आले. शेत त्यांचं. सत्तरीपुढचा गडी, ताठ, डोक्याला पांढरं मुंडासं, हातात काठी. वर काठावर उभं राहून म्हणाले, "काम थांबवा."

सर शिधा आणायला नांदूरघाटला गेले होते. राजनंदिनी पुढं झाली. तिनं वहिवाट सांगितली, सुखाधिकार सांगितला, पिढ्यान्‌पिढ्या गावानं वापरलेल्या पाण्यावर गावाचा कसा हक्क राहतो ते सांगितलं. अगदी स्पर्धेत बोलावं तसं, मुद्द्याला मुद्दा जोडून. आबांनी सगळं ऐकून घेतलं.

"झालं का बोलून?"

"झालं."

"लई चांगलं बोलती तू. आता टिकाव खाली ठेवा." आणि ते निघून गेले.

संध्याकाळी भेंड्या रंगल्या नाहीत. कुणी म्हणालं तहसीलदाराकडं जाऊ, कुणी म्हणालं राजनंदिनीच्या वडिलांना फोन लावू, एका मिनिटात आबा सरळ होतील. राजनंदिनीनं फोन हातात घेतलासुद्धा. शिवशंकर सरांनी सगळ्यांचं ऐकलं आणि म्हणाले, "तुम्ही वकील होणार ना? मग खटला चालवा. गावासमोर, बारवेतच. एक जण गावाच्या बाजूनं, एक जण आबांच्या बाजूनं. न्यायाधीश मी. निकालाला काही जोर नसेल, पण दोन्ही बाजू लोकांना ऐकू तरी येतील."

चिठ्ठ्या टाकल्या. गावाची बाजू अभिमन्यूला आली. आबांची बाजू राजनंदिनीला.

"सर, मला ती बाजू पटतच नाही," ती म्हणाली.

"पटायला तू पक्षकाराला भेटलीस कुठं?"

सकाळी ती आबांच्या गोठ्यावर गेली. आबा बैलांना वैरण टाकत होते. तिनं येण्याचं कारण सांगितलं. त्यांना आधी हसू आलं.

"काल माझ्यावर तुटून पडली आन आज माझी वकील?"

"हो आबा. म्हणून विचारायला आले. बारव कावून बंद करायची?"

तिच्या तोंडून 'का'ऐवजी गावाकडचं 'कावून' ऐकून म्हाताऱ्यानं तिच्याकडं नीट बघितलं. मग दावणीच्या कडेला बसला.

"आमचा हरण्या नावाचा बैल व्हता. मी ईस वरसाचा आसंल. बारवेला तवा कठडा न्हवता. पडला व्हता तो. माझ्या बापानं गावाला किती डाव सांगितलं, चार दगडं रचू, जनावरं हायती, लेकरं हायती. सगळे म्हनायचे, बघू उद्या. पानी भरायला सगळं गाव, दगड उचलायला कुनी न्हाई. एक दिवस सांजच्याला हरण्या बुजला आन आत गेला." आबा थांबले. "मोडला व्हता मधनं. रातभर वरडत व्हता. बारव लई आवाज करती, पोरी. समद्या गावाला ऐकू गेलं. दोर टाकले, मानसं उतरली, न्हाई निघाला. फटफटलं तवा गप झाला."

राजनंदिनी त्यांच्यासमोर खाली बसली.

"माझ्या बापानं एकट्यानं काटे तोडून बारवेत टाकले. गावानं हापसा घेतला, मग नळ आला. इसरून गेले. आता तुमी आलाव. चार दिस खनताव, फोटू काढताव, जाताव. मागं कोन हाय? परत कुनाचं वासरू जाईल, कुनाचं लेकरू जाईल. तवा कुनाला इचारू?"

याचं उत्तर वहिवाटीत नव्हतं आणि सुखाधिकारातही नव्हतं. ती म्हणाली, "आबा, हे मी बोलू का? तुमच्या वतीनं?"

"बोल. पर माझ्या तोंडात तुझे शब्द घालू नको."

त्या दिवशी दुपार कलली तसं गाव बारवेकडं निघालं. फुकटचा तमाशा बघायचा म्हणून निघालं, खरं सांगायचं तर. पण पायऱ्या उतरता उतरता लोकांची बडबड आपोआप कमी होत गेली. कित्येकांनी जन्मात बारव बघितली नव्हती, आणि ज्यांनी बघितली होती त्यांना ती एवढी आठवत नव्हती. बाया एका अंगाला बसल्या, बाप्ये दुसऱ्या अंगाला, लेकरं जागा मिळेल तिथं. पायऱ्यांवर सगळं गाव मावलं आणि वर अजून जागा उरली. कमानीपुढच्या ओट्यावर सर कोट घालून बसले, घामानं निथळत. आबा सगळ्यात वरच्या पायरीवर, काठी मांडीवर आडवी घेऊन. खाली काही ते उतरले नाहीत.

अभिमन्यू आधी बोलला. त्यानं पहिल्या दोन वाक्यांत गावाला हसवलं, मग कामाचं बोलला. पाणी सगळ्यांचं, शेत एकाचं असलं तरी तहान एकाची नसते. लोकांनी माना डोलवल्या.

मग राजनंदिनी उभी राहिली. "न्यायाधीश महोदय," ती म्हणाली, आणि थबकली. तिचा आवाज समोरच्या भिंतीला जाऊन, कमानीत फिरून, पुन्हा तिच्यापाशी आला होता. माईक नव्हता, तिनं जोरही लावला नव्हता, तरी वर आबांच्या कानापर्यंत शब्दन्‌शब्द पोचला असणार हे तिला कळलं. आजवर ती सभागृहांत भरभर बोलत आली होती, घड्याळावर डोळा ठेवून. इथं भरभर बोलताच येईना. एक वाक्य टाकायचं, दगडानं ते सगळ्यांना वाटेपर्यंत थांबायचं, मग दुसरं. तिनं एकही कलम काढलं नाही. हरण्याचं नाव घेतलं. पडलेला कठडा सांगितला, 'बघू उद्या' सांगितलं, ती रात्र सांगितली, आबांनी सांगितली तशीच, त्यांच्याच शब्दांत.

म्हाताऱ्या माणसांनी खाली बघितलं. ज्या दगडांतून तो आवाज रात्रभर फिरला होता त्याच दगडांतून आता त्याची हकीकत फिरत होती. एका बाईनं पदर तोंडाला लावला.

"आम्ही परवा जाणार आहोत," राजनंदिनी शेवटी म्हणाली. "माझ्या पक्षकाराचा एकच प्रश्न आहे. मागं कोण आहे?"

बारवेनं तो प्रश्न सगळ्या पायऱ्यांवरून फिरवून आणला. कुणी हललं नाही. एवढं मोठं गाव, आणि वरच्या बाभळीवर घुमणारा होला तेवढा ऐकू येत होता. वाद जिंकल्यावर होतो तसा आनंद राजनंदिनीला झाला नव्हता. आपण एका माणसाचं पन्नास वर्षांचं म्हणणं उचलून इथवर आणलं, आणि सगळं गाव ते ऐकतंय, एवढंच तिला समजत होतं, आणि ते तिच्यापेक्षा फार मोठं होतं.

सरांनी अभिमन्यूकडं बघितलं. तो उठला. त्याच्या हातात उत्तराचे मुद्दे होते, पण त्यानं ते घडी करून खिशात घातले.

"महोदय, गावाच्या वतीनं याचं उत्तर मला देता येत नाही. ते गावानंच द्यावं."

मग बायांच्या अंगाला छबुबाई उठली. ऊसतोडीच्या टोळीतली बाई, पंधरवड्यापूर्वीच कारखान्यावरून परतलेली, उन्हानं रापलेली. ती सरांकडं बघून बोलली नाही, वर आबांकडं बघून बोलली.

"आबा, मी लहान व्हते तवा. आईच्या कुशीत शिरून कान झाकून घेतलते म्या. मला ते अजून ऐकू येतंय. दसऱ्यापतुर आमची टोळी गावातच हाय. कठडा आमी बांधतो. आमी तिकडं गेल्यावर बघायचं काम ह्या घरी राहनाऱ्यांचं. त्यांनी आता इथं, समद्यांच्या म्होरं सांगावं."

एक जण उठला. मग दुसरा. कोण कुठल्या महिन्यात बघणार ते बोलत गेले, आणि प्रत्येक आवाज बारवेत फिरून वर गेला. आबा ऐकत राहिले. सगळ्यांचं बोलून झालं तेव्हा ते उठले, काठी टेकली आणि शेताकडं निघून गेले.

सरांनी निकाल दिलाच नाही. लोक उठून गेले. पोरांना वाटलं, गेलं सगळं पाण्यात.

सकाळी ट्रॅक्टरच्या आवाजानं शाळा जागी झाली. ट्रॉली दगडांनी भरलेली होती आणि चालकाशेजारी आबा बसले होते. "जुन्या बांधाचे हायती," एवढंच म्हणाले. "पुरतील का बघा."

मग जे काम झालं ते राजनंदिनीनं उभ्या आयुष्यात बघितलं नव्हतं. छबुबाईच्या टोळीनं कोयत्यांनी उरलेलं रान असं साफ केलं की बघत राहावं. वर कठड्याचा थर चढत होता आणि खाली गाळाची घमेली या हातातून त्या हातात, पायरीपायरीनं वर जात होती. त्या साखळीत सरपंचाच्या शेजारी ऊसतोडवाली होती, अभिमन्यूच्या शेजारी शाळेचे मास्तर होते, आणि राजनंदिनीच्या हातात घमेलं देणारी बाई तिच्यापेक्षा वयानं दुप्पट, वेगानंही दुप्पट. मधूनच कुणी ओवी धरायचं, मधूनच अभिमन्यू घमेल्याला कलम लावायचा, आणि हशाचा लोट वरपर्यंत जायचा.

दुसऱ्या दिवशी, निघायच्या सकाळी, कठडा कमरेइतका झाला होता आणि कमानीखालचा शेवटचा गाळ निघाला. खालचा दगड ओला होता. त्याच्या फटीतून पाण्याची एक बारीक धार आली, आधी गढूळ, मग निवळ, आणि बघता बघता पायाचा घोटा बुडेल एवढं पाणी साठलं. लोक पायऱ्यांवर जागच्या जागी बसून राहिले.

वरून काठीचा आवाज आला. राधाकिशन आबा भिंतीला हात लावत एकेक पायरी उतरत होते. राजनंदिनी पुढं झाली, तिनं हात दिला. त्यांनी तो धरला. कमानीपुढं येऊन ते उभे राहिले आणि मान मागं टाकून वर, पार वरपर्यंत बघत राहिले.

"एवढी थोरली हाय व्हय ही," ते हळूच म्हणाले.

मग खाली वाकून त्यांनी ओंजळ भरली. आधी डोळ्यांना लावली, मग प्यायले.

शाळेपाशी गाडी येऊन थांबली होती, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. शिवशंकर सर वर कठड्यापाशी उभे होते. त्यांनी कुणालाच हाक मारली नाही. राजनंदिनी सगळ्यात खालच्या पायरीवर बसली, पाय पाण्यात सोडून, बोलण्यासारखं तिच्याजवळ काहीच नव्हतं आणि त्याचं तिला जराही वाईट वाटत नव्हतं.