खुंटाची फूट

…रोपाच्या नावाची पट्टी बोटभर पत्र्याची, तारेसाठी दोन भोकं — आणि कोरी. कोरी आहे तोवर तिच्यात कुणीही मावेल, तिला वाटलं, आईसुद्धा. सकाळचा जप अजून ओठांवर होता. हजार वेळा देवाचं नाव, मगच रोपवाटिकेचं फाटक. आणि कुणाचं वाईट करायचं नाही — हा दुसरा नेम, पहिल्याहून जड.

समोर कुंडीत गुलाब. अकरा वर्षांची मेहनत. शेकडो रोपं उपटून टाकून राखलेलं हे एकच, त्याचा डोळा, म्हणजे फांदीवरचा कोंब, रानगुलाबाच्या मुळं धरलेल्या खुंटावर बसवून भरलेला — आईनं शिकवलं तसा, श्वास रोखून. आईचं नाव कुठल्याच कागदावर राहिलं नाही. जन्मभर कुणाची तरी बायको, कुणाची तरी आई. 'याला तुमच्या आईचं नाव देऊ,' हे रोपवाटिकेचे मालकच म्हणाले होते, पहिलं फूल आलं तेव्हा. आणि आज, प्रदर्शनाला दोन तास उरले असताना तेच —

"ताई, पट्टीवर आमच्या हिचं नाव घाला. तुमचं अक्षर म्हणजे मोती!"

"पण आईचं ठरलं होतं ना…"

"अहो, नावात काय असतं? काहीही म्हणा, वास तोच येणार!"

मागे बाईसाहेब नाकाला रुमाल लावून उभ्या. "मला बाई फुलांनी शिंकाच येतात. पण हे म्हणतायत, तर असू दे. उद्यापासून बंगल्याच्या दारात राहील."

नावात काय असतं! शाळेत बाईंनी सांगितलं होतं, हे म्हणणारी नाटकातली एक पोर होती, प्रेमात बुडालेली — घराण्याचं नाव टाक, म्हणून प्रियकराला विनवणारी. नाव काही टाकता आलं नाही. दोघं नावापायीच मेली. म्हणजे ते बोलणं जिचं सगळं जाणार होतं तिचं, घेणाऱ्याचं नव्हेच… आणि नावात काही नसेल, तर तुमच्या हिचं तरी कशाला? पण तिचा आवाज मऊ, सगळेच म्हणायचे; असलं काही त्यातून निघत नसे.

तिनं बाईसाहेबांचं नाव कोरलं. एकही रेघ हलली नाही. तार पिळायला वाकली, तेव्हा ती दिसली — खुंटातून, मातीखालून आलेली फूट, लालसर, तरतरीत. दर सोमवारी अशी फूट ती मुळापासून ओढून काढायची. नाही काढली तर रानटी फांद्या सगळं पितात आणि वरचा भरलेला डोळा उपाशी मरतो. बंगल्यात हे कुणाला कळणार? दोन वर्षांत झुडूप माजेल, बिनवासाचं. पट्टी मात्र तीच राहील. आणि मरेल ते… आईचंच ना?

बोट फुटीवर टेकलं. थांबलं. मग अंगठ्यानं तिनं थोडी माती वर लोटली, हळूच, पांघरूण घालावं तशी.

कुणाचं वाईट केलं नाही. काही केलंच नाही.

हात धुताना जप आपोआप सुरू झाला. बऱ्याच वेळानं तिला कळलं, ओठांवर देवाचं नाव नाही, आईचं आहे — आणि तिला थांबावंसं वाटेना.