आधी कुणाची नावं

क्षिप्राचा कॉम्प्युटर बिघडला तेव्हा ती जिना उतरून थेट नंदिनीकडे आली. तिचा घाबरलेला चेहरा बघून नंदिनीला आत कुठेतरी बरं वाटलं. निदान यासाठी तरी आपली गरज लागते.

सत्त्याण्णव साल होतं. दोघी सानपाड्याच्या एकाच सोसायटीत राहायच्या. नंदिनी चाळिशीची, वाशीच्या एका क्लासमध्ये कॉम्प्युटर शिकवायची. क्षिप्रा पंचविशीची, एका आर्किटेक्टच्या ऑफिसात नोकरीला. जिथे आता सेक्टर आणि रस्ते होते तिथे पूर्वी भातखाचरं होती, मिठागरं होती, आणि प्रत्येकाला नाव होतं. ती नावं जमवायचं वेड नंदिनीचं. गावठाणातल्या म्हाताऱ्या गिरजाबाईंकडे ती कितीतरी वर्षं जात होती. ओट्यावर बसून विचारायची, कागदावर लिहून घ्यायची, घरी येऊन ते कागद फायलीत लावायची.

मग तिनेच एकदा क्षिप्राला सोबत नेलं. ‘पोरीला आवड आहे, टायपिंगही येतं,’ एवढाच विचार होता. महिनाभरात क्षिप्रा गिरजाबाईंना ‘आजी, तू’ म्हणायला लागली. नंदिनी अजून ‘गिरजाबाई, तुम्ही’वरच होती. क्षिप्रा एकटीच जायची आणि परतताना वाटीभर सुकट किंवा भाकरी घेऊन यायची. शिवाय नावं आणायची. खाडीकाठची, बांधांची, नंदिनीने कधी न ऐकलेली. “आजीने आज काय सांगितलं माहितेय?” असं ती उत्साहाने सुरू करायची, तेव्हा नंदिनी हसून ऐकायची आणि रात्रभर कूस बदलत राहायची. मला का नाही सांगितलं? मी काय कमी केलं?

आता दोघींनी जमवलेली नावं एकत्र करून छोटं पुस्तक छापायचं ठरलं होतं. सगळी क्षिप्राच्या कॉम्प्युटरवर टाइप झाली होती; छापखान्यात द्यायला ती फायली फ्लॉपीवर उतरवत होती आणि मध्येच सगळं अडकलं होतं.

“नंदिनीताई, ‘वाचता येत नाही’ असंच येतंय. रिट्राय करून करून बोट दुखलं.”

नंदिनी वर गेली. आधी तिने फ्लॉपी बदलून पाहिली, कारण पुष्कळदा दोष फ्लॉपीचाच असतो. तोच संदेश आला. मग मशीन बंद करून तिने डबा उघडला, हार्ड डिस्कची पट्टीसारखी केबल काढून पुन्हा घट्ट बसवली. चालू केल्यावर काही फायली उतरल्या, पण आधीच्याच ठिकाणी गाडी पुन्हा अडली. आतून बारीक कट्‌कट्‌ ऐकू येत होती.

“केबल नाही. डिस्कच खराब होतेय,” नंदिनी म्हणाली.

“दुरुस्तीचा प्रोग्राम चालवू? ऑफिसात तोच चालवतात.”

“अजिबात नको. तो डिस्कवर लिहायला जाईल आणि आहे तेही घालवेल. आता फक्त वाचून घ्यायचं. थोडं थोडं. गरम झाली की थांबायचं.”

तिने टेबलफॅन ओढून उघड्या डब्यासमोर लावला. मशीन गार होईपर्यंत क्षिप्राने चहा केला. नंदिनी पडद्यासमोर बसली. दोन फोल्डर होते, एक तिच्या नावाचा, एक गिरजाबाईंच्या. दुसऱ्यात क्षिप्राने आणलेली सगळी नावं.

क्लासमध्ये ती पोरांना पहिल्याच आठवड्यात सांगायची, डिस्क मरायला टेकली की जे पुन्हा कुठून मिळणार नाही ते आधी उतरवा. तिची स्वतःची नावं खाली कपाटात, फायलीत, शाबूत होती. क्षिप्रा मात्र टाइप झालं की कागद रद्दीत टाकायची. नंदिनीला हे ठाऊक होतं. तिने एकदा त्यावरून तिला टोकलंही होतं.

उतरवायला तिने स्वतःच्या फोल्डरचं नाव टाइप केलं.

“ताई, आजीचं आधी घ्या ना,” क्षिप्रा मागून म्हणाली.

“ही बाजू बरी दिसतेय डिस्कची. इथून सुरुवात करते.”

तसं काही दिसत नव्हतं. डिस्कची कुठली बाजू बरी हे त्या पडद्यावरून कळत नाही. क्षिप्राने विश्वास ठेवला, कपबशा उचलल्या. नंदिनीच्या फायली एकामागून एक उतरत होत्या. मोठी बांधणी, वाकडी, अशी शेतांची नावं. दोनदा वाटेत अडकल्या तेव्हा नंदिनीने हट्टाने पुन्हा पुन्हा वाचायला लावल्या. थांबावं, डिस्क तापलीय, हे तिच्या लक्षात येत होतं. पण माझं पूर्ण होऊ दे, एवढंच डोक्यात होतं.

ते पूर्ण झालं. मग गिरजाबाईंचा फोल्डर. पहिल्या दोन फायली उतरल्या. तिसरीला डिस्क मोठ्याने खडखडली आणि एकदम गप्प झाली. मशीन बंद करून, गार करून, पुन्हा लावलं. आता त्याला डिस्क आहे हेच समजेना. संध्याकाळपर्यंत नंदिनीने येतं तेवढं सगळं केलं. केबल बदलली, डिस्क काढून क्लासच्या मशीनला लावून पाहिली. काही नाही.

परत आल्यावर क्षिप्राने विचारलं, “ताई, तुमची नावं तर कागदावर आहेत ना?”

“हो.”

“मग ती आधी का घेतली?”

नंदिनीने डिस्क टेबलावर ठेवली. मग केबल गुंडाळायला घेतली. क्षिप्रा तिच्याकडे बघत राहिली आणि हळूहळू तिच्या चेहऱ्यावरून कळलं, की तिला उत्तर मिळालं होतं.

“तुम्ही जा आता,” ती म्हणाली. ताई म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवशी नंदिनी एकटीच गावठाणात गेली. गेलेली नावं आपणच परत मिळवायची आणि क्षिप्राच्या हातात ठेवायची, असं तिने मनाशी धरलं होतं. त्यातही गिरजाबाईंच्या तोंडून एकदा ती नावं आपल्याला ऐकायला मिळतील, ही हाव होतीच.

गिरजाबाई ओट्यावर कोलंबी सोलत होत्या. सगळं ऐकून म्हणाल्या, “मशिनीनं खाल्ली व्हय नावां? मंग ती पोर कां नाय आली?”

“ती रागावलीय माझ्यावर.” आणि मग इतक्या वर्षांचा प्रश्न नंदिनीच्या तोंडून निघालाच. “गिरजाबाई, मी तिच्या आधीपासून येतेय. ती नावं मला का नाही सांगितली?”

गिरजाबाईंचे हात थांबले. त्यांना खरंच नवल वाटलं होतं.

“तू शेतांची इचारलीस. कोनाचा शेत, केवरा मोठा, कया व्हता. शेतां सगली बाप्यांची. ती तुला सांगितली. त्या पोरीनं इचारलं, आजी, तू कया जायचीस? मंग मी माजी सांगितली.”

‘तुम्ही कुठे जायचात?’ असं नंदिनीने कधी विचारलंच नव्हतं. तिला वाटत होतं की या बाईने आपल्यापासून काही राखून ठेवलंय. राखून काहीच ठेवलं नव्हतं.

“मग आता सांगाल मला?”

“तिला घेऊन ये,” गिरजाबाई म्हणाल्या आणि पुन्हा कोलंबीकडे वळल्या. “दोनदा नाय सांगायची मी.”

क्षिप्राने दार अर्धंच उघडलं. नंदिनीने उंबऱ्याबाहेर उभं राहूनच सांगितलं, “मला हेवा वाटत होता तुझा. अजून वाटतोय. पण आजी तुझ्याशिवाय बोलत नाहीये. चल.”

क्षिप्राने ‘असू दे’ म्हटलं नाही. चपला घातल्या आणि वाटभर दोन पावलं पुढेच चालत राहिली.

गिरजाबाईंनी दोघींना ओट्यावर बसवलं. आधी क्षिप्राचा गाल चोळला, “वाललीस गो,” म्हणाल्या. नंदिनीने ते बघितलं आणि कागद मांडीवर घेतला. काही नावं गिरजाबाईंना आता आठवेनात. चिंबोऱ्यांचा बांध आठवला, न्हाणीचा दगड आठवला. क्षिप्रा मधूनमधून सुचवायची, “आजी, त्या वळणापाशीचं काय होतं?” आणि गिरजाबाई मान हलवायच्या, “गेला तो.” क्षिप्राचे डोळे भरून यायचे. नंदिनी खाली बघून लिहीत राहायची.

मग मध्येच गिरजाबाई म्हणाल्या, “आनी ती रडती उघारी.”

“हे आधी नव्हतं सांगितलंस,” क्षिप्रा म्हणाली.

उघाडी म्हणजे खाडीचं पाणी अडवणारी झडप, एवढं नंदिनीला माहीत होतं. पूर्वी ती तेवढंच लिहून पुढच्या नावाकडे वळली असती.

“‘रडती’ का म्हणायचे?” तिने विचारलं.

“पोरगी सासरी जायची तवा होरी तयाशी लागायची. आय तयावर यायची, फुडं नाय. माजी आय बी तयाशीच उभी व्हती.”

उघाडीपाशी लागणारी होडी आणि तिथवरच येणारी आई सांगताना त्या क्षिप्राकडेच बघत होत्या. नंदिनीने ते शब्द जसेच्या तसे लिहिले आणि कागद क्षिप्रापुढे धरला, काही चुकलंय का बघायला. क्षिप्राने वाचलं, एक काना दुरुस्त केला आणि कागद परत दिला.